करवत कोणती घ्यावी?

(वादळात पायवाटेवर पडलेले झाड दूर करण्यासाठी करवत कशी निवडावी, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना अवजारांची आणि कामांची मराठी नावे लक्षात ठेवा.)

विद्यार्थी मित्रांनो, 3 जून 2020 हा दिवस रायगड जिल्ह्यातील लोक सहजासहजी विसरणार नाहीत. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर येऊन धडकले. वारा ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होता. काही तासांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. समुद्रकाठची सुरूची झाडे मोडून पडली. आंबा, फणस यांचे जुने वृक्ष मुळांसकट उपटले गेले. घरांची कौले उडाली, विजेचे खांब वाकले आणि रस्ते बंद झाले.

मोठ्या रस्त्यावर झाड पडले, तर यंत्रे घेऊन माणसे येतात आणि रस्ता मोकळा करतात. पण कोकणात आणि सह्याद्रीच्या डोंगरांत अशा कितीतरी वाड्या आहेत, की जिथे गाडी जातच नाही. तिथे जाते ती फक्त पायवाट. समजा, अशा एका वाडीत रात्री कोणी आजारी पडले. त्याला डोलीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणायचे आहे आणि वाटेत झाड आडवे पडले आहे. एकटा माणूस त्या झाडावरून चढून पलीकडे जाईल. पण खांद्यावर डोली घेतलेल्या माणसांनी काय करावे? आजारी माणसाचा असा खोळंबा झाला, तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच वाडीत एक चांगली करवत आणून ठेवली पाहिजे.

आता तुम्ही वडीलमाणसांबरोबर दुकानात गेलात, असे समजा. दुकानदाराला काय मागाल? घरी तुम्ही ‘आरी’ म्हणता. मराठीत मात्र ‘आरी’ म्हणजे चांभाराचे चामड्याला भोक पाडायचे टोकदार हत्यार. तेव्हा ‘आरी द्या’ म्हणालात, तर भलतीच वस्तू पुढे येईल! लाकूड कापायचे असेल, तर ‘करवत’ मागा. तिच्या दंदान्यांना मराठीत ‘दाते’ म्हणतात, धरायच्या जागेला ‘मूठ’ म्हणतात आणि कापताना पडणाऱ्या बुराद्याला ‘भुसा’ म्हणतात. ‘अवजार’ हा शब्द मात्र तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतला ‘औजार’ आणि मराठीतला ‘अवजार’ हे एकच!

दुकानदार विचारेल, “कोणती करवत देऊ?” अशा वेळी पुष्कळ लोक सर्वांत मोठी किंवा सर्वांत महाग करवत उचलतात. ही चूक आहे. करवतीकडे पाहण्याआधी कामाकडे पाहावे. स्वतःला चार प्रश्न विचारावेत. लाकूड किती जाड आहे? अवजार किती दूर आणि किती चढ चढून न्यायचे आहे? ते चालवणारे हात किती आणि कोणाचे आहेत? आणि धार गेली किंवा पाते मोडले, तर पुढे काय?

पहिला प्रश्न जाडीचा. इथे थोडे गणित करू. एका फांदीचा व्यास 15 सेंटिमीटर आहे आणि एका ओंडक्याचा व्यास 30 सेंटिमीटर आहे. ओंडका कापायला फांदीच्या दुप्पट मेहनत लागेल, असे तुम्हांला वाटेल. पण व्यास दुप्पट झाला, की कापायच्या भागाचे क्षेत्रफळ चौपट होते. म्हणजे काम चौपट! आणखी एक लक्षात ठेवा. पाते पुढे-मागे सरकायला जागा हवी. म्हणून पात्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या सुमारे दुप्पट असावी, असा साधा नियम आहे. 25 सेंटिमीटर लांबीच्या पात्याने 12 सेंटिमीटर जाडीचे लाकूड आरामात कापता येते. त्याहून बरेच जाड लाकूड कापताना मात्र नाकी नऊ येतात.

आता करवतींचे प्रकार पाहू.

पहिली घडीची करवत. चाकूप्रमाणे हिचे पाते मुठीत मिटते. ही हलकी असते आणि पिशवीत सहज मावते. मिटलेली असल्यामुळे चालताना कोणाला लागण्याची भीती नसते. यांतल्या अनेक करवती ओढताना कापतात, ढकलताना नाही. जपानमध्ये अशा करवतींची जुनी परंपरा आहे. ओढताना पाते ताठ राहते, म्हणून ते पातळ ठेवता येते. पातळ पाते कमी लाकूड खाते आणि हात कमी दमतो. पण नवखा माणूस ती जोराने ढकलतो आणि पाते वाकते किंवा मोडते. म्हणून ही करवत घेतली, तर ‘ओढताना जोर, परत नेताना हलका हात’ हे आधी शिकून घ्यावे.

दुसरी कमानीची करवत. लोखंडी नळीच्या कमानीत एक अरुंद पाते ताणून बसवलेले असते. ही भराभर कापते. पाते बदलणेही सोपे असते. पण कमान आणि पाते यांच्यात जेवढी जागा असते, तेवढेच खोल कापता येते. ओंडका जाड असला, की कमान लाकडाला अडते. शिवाय ती पिशवीत मावत नाही आणि झुडपांत अडकते.

तिसरी दोन माणसांची लांब करवत. हिला दोन्ही टोकांना मुठी असतात. एक माणूस ओढतो, तेव्हा दुसरा नुसता हात सैल सोडतो; मग दुसरा ओढतो. ढकलायचे कोणीच नाही! जाड ओंडक्यासाठी हातकरवतींत ही सर्वांत चांगली. तिच्या उत्तम प्रकारात दोन तऱ्हेचे दाते असतात. काही दाते लाकडाचे तंतू दोन्ही बाजूंनी कापतात आणि मधले दाते ते कापलेले तंतू खरवडून बाहेर काढतात. धार चांगली असेल, तर भुसा पडत नाही. शेवयांसारखे लांब लांब तुकडे बाहेर येतात. शेवया दिसल्या, की करवत उत्तम आहे असे समजावे!

चौथी साखळीची करवत. हिला लोक नुसते ‘मशीन’ म्हणतात. पेट्रोलच्या इंजिनावर दातेरी साखळी वेगाने फिरते आणि मोठा बुंधाही थोड्या वेळात कापते. मग हीच का घेऊ नये? नीट विचार करा. यंत्र, पेट्रोल, तेल, शिरस्त्राण, कानांवरचे संरक्षण आणि पायांना वाचवणारे जाड कापड हे सर्व मिळून वजन 10 किलोच्या आसपास जाते. ते डोंगरावर कोण वाहून नेणार? शिवाय पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर यंत्र क्षणार्धात चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. बॅटरीवर चालणाऱ्या मशीनचा आवाज कमी असतो आणि तिला पेट्रोल लागत नाही. पण साखळी तीच आणि धोकाही तोच. म्हणून हे यंत्र प्रशिक्षण घेतलेल्या मोठ्या माणसानेच हाती घ्यावे. मुलांनी त्याला हात लावू नये.

करवत निवडताना दातेही पाहावेत. सुताराच्या करवतीचे दाते बारीक असतात. ती वाळलेल्या फळ्यांसाठी चांगली. नुकतेच पडलेले झाड ओले असते. त्याचा ओला भुसा बारीक दात्यांत अडकतो आणि करवत पुढे सरकत नाही. म्हणून ओल्या लाकडासाठी मोठे आणि मधे खोल खाच असलेले दाते हवेत. हल्ली पुष्कळ करवतींचे दाते तापवून फार कडक केलेले असतात. ते बराच काळ धारदार राहतात. पण धार गेल्यावर कानशीने घासून पुन्हा लावता येत नाही. पातेच बदलावे लागते. तेव्हा दुकानदाराला विचारा, “याचे सुटे पाते मिळते का?” मिळत नसेल, तर ती करवत स्वस्त असली तरी महागच पडेल. कोकणच्या दमट हवेत लोखंड लवकर गंजते. म्हणून काम झाल्यावर पाते पुसून त्याला तेलाचा हात द्यावा.

चांगली करवत हाती आली, म्हणजे काम झाले असे नाही. पडलेले झाड गरीब दिसते. पण त्याच्या अंगात मोठी ताकद दडलेली असते. 30 सेंटिमीटर व्यासाचा आणि 3 मीटर लांबीचा ओंडका घ्या. ओले लाकूड पाण्याइतके जड धरले, तर त्याचे वजन 200 किलोहून अधिक भरेल. हे वजन लाकडाला वाकवत असते.

एक प्रयोग करून पाहा. लांब खोडरबराच्या बाजूवर पेनाने उभ्या रेघा काढा. रबराची दोन्ही टोके दोन पुस्तकांवर ठेवा आणि मधे बोटाने दाबा. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, कारण तिथे दाब असतो. खालच्या बाजूला त्या लांब जातात, कारण तिथे ताण असतो. दोन्ही टोके टेकलेल्या ओंडक्याचेही असेच होते. वरून कापत गेलात, तर चीर मिटत जाते आणि करवत आत गच्च अडकते. म्हणून जाणते लोक आधी दाबाच्या बाजूने, म्हणजे वरून, थोडेसे कापतात आणि उरलेले काम ताणाच्या बाजूने, म्हणजे खालून, पुरे करतात. ओंडक्याचे एकच टोक टेकलेले असून दुसरे अधांतरी असेल, तर सारे उलटे होते. तिथे आधी खालून थोडे कापायचे आणि मग वरून. जाड ओंडक्याच्या चिरेत लाकडाची पाचर ठोकली, तर चीर मिटत नाही.

उतारावर काम करताना नेहमी ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे. कापलेला तुकडा खाली घरंगळतो. मुळांसकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला, की मातीने भरलेली मुळे धाडकन पुन्हा खड्ड्यात बसू शकतात. त्या खड्ड्याजवळ कोणी उभे राहू नये. दुसऱ्या झाडावर अडकून लोंबणाऱ्या झाडाखाली तर जाऊच नये. विजेची तार झाडात गुंतलेली असेल, तर वीज बंद झाल्याची खात्री वीज कर्मचाऱ्यांनी दिल्याशिवाय त्या झाडाला स्पर्शही करू नये. झाड कोणते, हेही ओळखावे. बिबव्याचा चीक अंगाला लागला, तर कातडीवर फोड येतात.

आणखी एक गोष्ट. वाटेवरचे लाकूड बाजूला करणे वेगळे आणि ते घरी नेणे वेगळे. महाराष्ट्रात झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा कायदा 1964 सालापासून आहे. राखीव जंगलात आणि अभयारण्यात तर वनखात्याच्या परवानगीशिवाय करवत चालवता येत नाही. मुरूड तालुक्यातील फणसाड हे असेच एक अभयारण्य आहे. म्हणून झाड पडल्यावर प्रथम ग्रामपंचायतीला किंवा वनरक्षकाला कळवावे.

योगायोग असा, की त्याच 1964 साली अमेरिकेतही जंगलांसंबंधी एक कायदा झाला. काही रानभाग माणसाने यंत्रांच्या गोंगाटापासून दूर ठेवावेत, असे त्या कायद्याने ठरवले. तिथे काही थोडे अपवाद सोडले, तर इंजिनावर चालणारी यंत्रे नेता येत नाहीत. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे 4,265 किलोमीटर लांबीची एक पायवाट अमेरिकेत आहे. ती अशा अनेक रानांतून जाते. हिवाळ्यातल्या बर्फाने आणि वादळांनी तिच्यावर झाडे पडतात. या रानांत ती दूर करण्यासाठी वनकर्मचारी आणि स्वयंसेवक आजही दोन माणसांची जुनी करवत खांद्यावर टाकून मैलोगणिक चालतात. करवत चालवण्याआधी त्यांना प्रशिक्षण घ्यावे लागते. इतक्या प्रगत देशातही आजोबांच्या काळातले अवजार कामाला येते. ते जुने आहे म्हणून नव्हे, तर त्या वाटेला ते योग्य आहे म्हणून.

आता आपल्या वाडीकडे परत या आणि तुम्हीच ठरवा. डोली जायची, तर वाट दोन-तीन हात रुंद मोकळी हवी. सबंध झाड कापायचे कारण नाही. वाटेवर बहुतेक वेळा फांद्या आणि मध्यम जाडीची लाकडे पडतात. त्यांच्यासाठी मोठ्या दात्यांची घडीची करवत आणि एक सुटे पाते पुरे. जाड बुंध्यासाठी दोन माणसांची करवत वाडीत एका ठरलेल्या घरी टांगून ठेवावी आणि कोणाच्या घरी आहे, हे सर्वांना माहीत असावे. मशीन असेल, तर ते गाडी जाते तिथपर्यंतच्या कामाला ठेवावे. झाड फारच मोठे किंवा धोक्याचे असेल, तर करवत पिशवीतच राहू द्यावी, बाजूने तात्पुरती वाट काढावी आणि जाणत्या माणसांची वाट पाहावी. न कापण्याचा निर्णय घेणे, हेही शहाणपणाचेच आहे.

मित्रांनो, अवजार मोठे असून भागत नाही. ते कामाला, वाटेला आणि हातांना शोभले पाहिजे. पावसाळा सुरू होण्यापूर्वी एकदा घरातल्या मोठ्यांना विचारा, “आपल्या वाडीत करवत आहे का? तिला धार आहे का?” या दोन प्रश्नांमुळे एखाद्या रात्री कोणाची तरी डोली वेळेवर खाली पोहोचेल.

शब्दार्थ

पाखाडी – दगडी पायऱ्यांची वाट
पोफळी – सुपारीचे झाड
डोली – माणसाला बसवून किंवा निजवून खांद्यावरून नेण्याचे साधन
ओंडका – झाडाच्या खोडाचा जाड तुकडा
बुंधा – झाडाच्या खोडाचा जमिनीजवळचा भाग
कानस – धार लावण्याचे खरखरीत लोखंडी अवजार
पाचर – फटीत ठोकायचा, एका बाजूला निमुळता असलेला तुकडा
अधांतरी – खाली आधार नसलेले
दमट – ओलसर
शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारी कडक टोपी

वाक्प्रचार

खोळंबा होणे – काम अडून राहणे
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे
नाकी नऊ येणे – फार त्रास होणे

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर कधी धडकले?
(आ) मराठीत ‘आरी’ कशाला म्हणतात?
(इ) पात्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या किती पट असावी?
(ई) बिबव्याचा चीक अंगाला लागल्यास काय होते?

प्र. 2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) करवत घेण्यापूर्वी कोणते चार प्रश्न विचारावेत?
(आ) डोंगरावरच्या वाटेसाठी मशीन का सोयीचे नाही?
(इ) ओल्या लाकडासाठी मोठे दाते का हवेत?

प्र. 3. कारणे लिहा.
(अ) दोन्ही टोके टेकलेला ओंडका वरून कापत गेल्यास करवत अडकते.
(आ) उतारावर ओंडक्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे.

प्र. 4. उर्दूत दोनच लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. पुढील शब्दांपूर्वी हा, ही, हे यांपैकी योग्य शब्द लिहा.
करवत, झाड, ओंडका, पाते, मूठ, भुसा, वाट, लाकूड

प्र. 5. वरील वाक्प्रचारांचा तुमच्या वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घरात किंवा शेजारी असलेल्या पाच अवजारांची उर्दू व मराठी नावे गोळा करा. दोन्ही भाषांत सारखी असलेली नावे वेगळी लिहा.